आजी निघाल्या सिंगापूरला



पूर्वी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत असे. आता कित्येक शेतकरी घरांत उलटे घडते. लेक-जावई नोकरीसाठी दुबई, जपान, सिंगापूर अशा ठिकाणी असतात. लेकीला आठवा महिना लागला, की माहेरच उठून विमानाने तिच्याकडे निघते. माहेर म्हणजे आई, आणि होणाऱ्या बाळाची आजी.

सातारा जिल्ह्यातील एका गावात गेल्या वर्षी असाच योग आला. आजींचे वय ६७. थोरल्या मुलाची नातवंडे घरात खेळत आहेत, धाकटी लेक सिंगापूरला. बियाण्याच्या निमित्ताने त्या घरी माझे जाणे-येणे असते, म्हणून त्यांची तयारी जवळून पाहायला मिळाली. वैशाखात निघायचे आणि आषाढात परतायचे, असा बेत होता. घरातल्या सर्वांना वाटले, पासपोर्ट आणि तिकीट झाले की तयारी झाली. प्रत्यक्षात ती अर्धीच तयारी ठरली. उरलेली अर्धी घरात करायची होती, आणि तीच अवघड होती. तुमच्या घरी असा प्रसंग आला तर उपयोगी पडावे, म्हणून दोन्हींविषयी क्रमाने सांगतो.

कागदपत्रे आधी

पासपोर्टचे काम निदान तीन-चार महिने आधी सुरू करावे. आजींच्या पिढीची खरी अडचण नावाची असते. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. आधार कार्डावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एक, पॅन कार्डावर दुसरे. अर्ज भरण्यापूर्वी हे सर्व कागद एका सतरंजीवर मांडून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. जन्माचा दाखला नाही म्हणून घाबरू नये. जुन्या पिढीसाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅन कार्ड चालते. सही येत नसेल तर अंगठा चालतो.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी कामाला जाण्यासंबंधी एक शेरा पडत असतो. मात्र ५० वर्षांवरील व्यक्तींना त्यातून सूट आहे. पासपोर्ट आधीच काढलेला असेल, तर प्रवासाच्या दिवशी त्याची निदान सहा महिने मुदत शिल्लक आहे ना, हे पाहावे.

सिंगापूरला जायला भारतीयांना व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो. शिवाय पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनाचा फॉर्म संगणकावर भरायचा असतो. तो सिंगापूर सरकारच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. व्हिसाची मुदत निराळी आणि तेथे राहण्याची मुदत निराळी. किती दिवस राहू द्यायचे हे उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो. ती तारीख लेकीने लगेच पाहावी आणि जास्त दिवस हवे असतील तर मुदत संपण्याआधीच अर्ज करावा.

खसखस, मिश्री आणि अडकित्ता

आता पिशवीकडे वळू. आजींनी लेकीसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले होते. डिंक तळून झाला, खारीक कुटून झाली, खसखस भाजायला कढई चुलीवर चढली, आणि तेवढ्यात लेकीचा फोन आला: "आई, खसखस अजिबात आणू नकोस."

आजींना ते पटेना. "आगं, खसखशीत कसली आलीय नशा? जल्मभर खातोय आपण!"

आजींचे म्हणणे आपल्या दृष्टीने बरोबर आहे. पण खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्याकडेही अफूचे पीक परवान्याशिवाय घेता येत नाही; मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांतच ते परवान्याने घेतले जाते. बोंडाच्या चिकाचा अंश बियांच्या सालीला लागून राहू शकतो आणि त्या चिकात मॉर्फिन असते. म्हणून सिंगापुरात खसखस नेण्यास बंदी आहे. दुबईकडेही तीच गत. तेथील अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. "मला माहीत नव्हते" हे उत्तर तेथे उपयोगी पडत नाही.

तेव्हा नुसती खसखशीची पुडी काढून भागत नाही. खसखस घातलेला कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, अनारसे, लाडू हे सर्व घरीच ठेवावे. प्रवासासाठी मसाला वेगळा कुटावा. लाडवातून खसखस वगळली म्हणून लाडू बिघडत नाही. डिंक, खारीक, बदाम, मेथी यांवर तो उत्तम होतो.

दुसरी वस्तू मिश्री. पुष्कळ आजींना सकाळी मिश्री लावल्याशिवाय दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. गुटखा, खैनी, जर्दा, तपकीर अशा धूररहित तंबाखूवर सिंगापुरात २०१६ पासून बंदी आहे. त्यामुळे मिश्रीची डबी नेता येत नाही. दोन महिने आधीपासून हळूहळू कमी करत आणावी, आणि जमल्यास हा सुटलेला हात पुन्हा डबीकडे जाऊ देऊ नये. बाळाच्या जवळ वावरायचे आहे, एवढे कारण पुरे आहे.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही ठेवून द्याव्यात. खोबऱ्यात तेल पुष्कळ असते आणि ढिगात ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. म्हणून विमान वाहतुकीत त्याची गणना धोक्याच्या मालात होते. सिंगापुरात नारळाला तोटा नाही. बटव्यातला अडकित्ता, भाजीची सुरी, कात्री या वस्तू हातातल्या पिशवीत चालत नाहीत. न्यायच्याच असतील तर मोठ्या बॅगेत घालाव्यात. लोणचे आणि तूपही मोठ्या बॅगेतच, झाकण घट्ट करून दुहेरी पिशवीत ठेवावे. कारण हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरहून मोठी पातळ पदार्थांची बाटली जाऊ देत नाहीत. मांस, सुकट, अंडी, रोपे, माती यांच्या वाटेला जाऊच नये. हा देश आपल्या गरजेच्या ९० टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून आणतो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या रोगकिडीबाबत तो फार जागरूक असतो. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात लेकीकडून यादी पुन्हा तपासून घ्यावी.

आणि एक कळकळीची सूचना. आजी निघाल्या हे कळताच गावातून कोणी ना कोणी पुडके घेऊन येतो: "एवढं माझ्या भाच्याला द्या." बांधलेले पुडके कोणाचेही घेऊ नये. वाईटपणा आला तरी चालेल. बॅगेत काय आहे याची जबाबदारी बॅग नेणाऱ्याची असते.

गाईला नवा हात

आता घरातली तयारी. आजींच्या दोन्ही गाई त्यांच्याच हाताने दूध देत. सुनेने एकदा धार काढायला घेतली तर एका गाईने पान्हा चोरला. यात गाईचा हट्ट नसतो. ओळखीचा हात, ओळखीचा आवाज, बादलीचा खणखणाट यांनी गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि कासेतले दूध सुटते. त्याचा प्रभाव पाच ते सात मिनिटेच टिकतो. गाय बिचकली तर दूध कासेतच राहते. असे वारंवार झाले तर दूध कमी होते आणि कासदाह म्हणजे दगडीचा धोका वाढतो. अशा वेळी पान्ह्यासाठी इंजेक्शन देण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तो कटाक्षाने टाळावा.

उपाय साधा आहे. माणूस बदलायचे तर निघण्याच्या तीन आठवडे आधीपासून बदलावे. पहिल्या आठवड्यात सुनेने आजींबरोबर उभे राहून वैरण टाकावी आणि कास धुवावी. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या धारा आजींनी काढाव्यात, उरलेल्या सुनेने. तिसऱ्या आठवड्यात आजींनी केवळ जवळ उभे राहावे. वेळ, जागा आणि खुराकाची पाटी यांत बदल करू नये. या घरात सून आजींचे जुने लुगडे खांद्यावर टाकून बसू लागली आणि गाय लवकर रुळली. अंगठा दुमडून ओढण्याऐवजी पूर्ण मुठीने धार काढण्याची सवयही तिने याच काळात लावून घेतली.

मडक्यातले बियाणे

आजी परतणार आषाढात, आणि पेरणी त्याआधी ज्येष्ठात. घेवडा, मूग, गवार, दोडका, दुधी यांचे घरचे बी कोणत्या मडक्यात आहे, हे फक्त आजींना ठाऊक. कोणते गेल्या सालचे आणि कोणते त्याआधीचे, याची नोंद त्यांच्या डोक्यात. तेव्हा शाळेत जाणाऱ्या नातीला वही घेऊन बसवले. आजी सांगत गेल्या, ती लिहीत गेली. प्रत्येक मडक्याला चिठ्ठी लागली: बियाण्याचे नाव, साल, कोणत्या वाफ्यात लावायचे.

त्याच दिवशी उगवणीची चाचणीही घेतली. तुम्हीही घ्यावी. न निवडता १०० दाणे मोजावेत, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी आणि गोणपाट ओलसर राहील इतपत पाणी शिंपडावे. सात-आठ दिवसांनी सशक्त मोड आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे चांगले. थोडे कमी असतील तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे. फारच कमी असतील तर वेळीच दुसरे बी मिळवावे. त्या घरी मूग चांगला निघाला, गवार मात्र निम्मीच उगवली. आजी घरी असतानाच हे कळले म्हणून शेजारणीकडून बी मागता आले.

बियाणे झाल्यावर नातीने सहज विचारले, "आजी, आणखी काय काय करतेस तू?" वहीची चार पाने भरली. पहाटे पाण्याचा बंब, कोंबड्यांचे खुराडे, बचत गटाचा हप्ता, धाकट्याच्या शाळेची वेळ, कुणाच्या घरी बारसे, कुणाकडे दुखवटा, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. ती पाने वाचून घरातले सगळेच थोडा वेळ गप्प झाले. मग प्रत्येक कामापुढे एकेकाचे नाव लिहिले गेले. बंब आणि खुराडे मुलाकडे आले, गोळ्यांची आठवण नातीकडे. सगळे सुनेच्या डोक्यावर पडू दिले नाही, हे मला विशेष वाटले.

विमानातले साडेपाच तास

मुंबईहून सिंगापूरला सुमारे साडेपाच तास लागतात. तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. विमानतळावरचे लांब चालणे वाचते आणि वाट दाखवायला माणूसही मिळतो. विमानात दर तासाने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे ही आपल्या माय-बहिणींची खोड येथे त्रासाची ठरते.

औषधे मूळ पाकिटांतच, हातातल्या पिशवीत ठेवावीत. सोबत डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी असावी. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध असेल, तर परवानगी लागते का याची आधीच चौकशी करावी. सिंगापूरचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असते, त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून बसवून घ्यावी. हा देश विषुववृत्ताजवळ आहे. बाराही महिने उकाडा आणि पाऊस. जाड स्वेटर नकोत, पातळ शाल पुरे. एका कागदावर लेकीचे नाव, पत्ता व फोन इंग्रजीत लिहून तो कागद पासपोर्टमध्येच ठेवावा.

परत येताना

तिथल्या बागा पाहून आजींचा जीव एखाद्या फांदीवर किंवा बियांवर जडणारच. पण तो मोह आवरावा. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला असल्याशिवाय लागवडीसाठी बी-रोप देशात आणता येत नाही. गाजरगवत आपल्याकडे परदेशी धान्याबरोबर आले आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसले. आज कोणता बांध त्यावाचून मोकळा आहे? मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि लवकरच आपल्या शिवारात पोचली. एका पुडीतून काय येईल हे डोळ्यांना दिसत नाही.

शेवटी घरच्या मंडळींना एक सांगणे. आजी परत येतील तेव्हा दमलेल्या असतील, आणि बाळाला सोडून आल्याने मनानेही हळव्या असतील. त्या चार पानांवर पुढे लिहिलेली नावे लगेच खोडू नका. गाय सुनेला रुळली आहे, बंब मुलगा पेटवतो आहे, तर ते तसेच चालू द्या. आजींना हवे असेल तेवढे काम त्या आपणहून मागून घेतील.