अडीच वर्षांचा शब्द

खारून नदीचा पूल ओलांडला की रायपूर मागे पडतं आणि दुर्ग जिल्हा सुरू होतो. तिथलं पहिलं मोठं गाव आमचं कुम्हारी. भिलाई-दुर्गकडचा पुढारी राजधानीला निघाला की त्याची गाडी बहुधा आमच्या महामार्गावरूनच जाते. ऑगस्ट २०२१मध्ये या रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर एकच हिशेब चालायचा : "कका कोती कतका, बाबा कोती कतका?" म्हणजे काकांच्या बाजूला किती, बाबांच्या बाजूला किती. कका म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल आणि बाबा म्हणजे सरगुजाच्या राजघराण्यातले टी. एस. सिंहदेव. चहावाला उजव्या हाताच्या बोटांवर एकाचे आमदार मोजायचा, डाव्या हाताच्या बोटांवर दुसऱ्याचे. उजव्या हाताची बोटं लगेच संपायची, डाव्या हाताची पुरून उरायची.

आमच्या घरात मराठी आणि दारात छत्तीसगढी. नागपूरच्या नातेवाइकांचा फोन आला की विषय हमखास राजकारणाकडे वळतो. 'अडीच वर्षं' हे शब्द त्यांच्याही ओळखीचे. २०१९मध्ये भाजप आणि शिवसेना त्यावरूनच तुटले. पण या फोनवर आणि त्या टपरीवर काही गोष्टी इतक्या वेळा चुकीच्या ऐकल्या, की एकदा नीट मांडाव्यात असं वाटलं. नेतेपदाची भांडणं जगभर असतात, ब्रिटनमध्ये तर गेल्या दहा वर्षांत त्यांचा पूर आला. म्हणून अधूनमधून तिकडेही पाहू.

"करार झाला होता, तो मोडला"

११ डिसेंबर २०१८ला छत्तीसगढ विधानसभेचा निकाल लागला. ९०पैकी ६८ जागा काँग्रेसला, १५ भाजपला. प्रदेशाध्यक्ष बघेल आणि विरोधी पक्षनेते सिंहदेव यांची जोडी तेव्हा जय-वीरू म्हणून ओळखली जायची. मुख्यमंत्रिपदासाठी ताम्रध्वज साहू आणि चरणदास महंत यांचीही नावं होती. निर्णय दिल्लीत झाला आणि १७ डिसेंबरला बघेल यांनी शपथ घेतली. तेव्हापासून बोललं जाऊ लागलं की पहिली अडीच वर्षं बघेल आणि उरलेली सिंहदेव. जून २०२१मध्ये ती मुदत भरली आणि पुढे काहीच घडलं नाही.

असा करार कुठल्याही कागदावर कोणी दाखवलेला नाही. बंद खोलीत शब्द दिला गेला असेलही, पण राज्यघटनेत त्याला जागा नाही. कलम १६४ सांगतं की मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि मंत्रिमंडळ एकत्रितपणे विधानसभेला जबाबदार असतं. अर्ध्या मुदतीचा मुख्यमंत्री हा प्रकार घटनेला माहीत नाही. ज्याच्यामागे बहुमत आहे तो खुर्चीवर राहतो, आणि दिलेला शब्द पाळून घ्यायचा तर तेवढे आमदार हाताशी लागतात. सिंहदेव यांच्याकडे ते नव्हते. ऑगस्टच्या शेवटी बघेल यांच्या पाठीशी पन्नासच्या आसपास आमदार दिल्लीत पोहोचले, आणि प्रश्न तिथेच मिटला.

ब्रिटनमध्ये याच जातीची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. मे १९९४मध्ये मजूर पक्षाचे नेते जॉन स्मिथ अचानक वारले. टोनी ब्लेअर आणि गॉर्डन ब्राऊन हे दोघं मित्र, दोघंही दावेदार. लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या ग्रॅनिटा नावाच्या रेस्तराँमध्ये ते जेवायला भेटले. ब्राऊन यांनी माघार घेतली. पुढे ब्लेअर पायउतार होऊन ब्राऊन यांना वाट करून देतील, असं तिथे ठरल्याचं ब्राऊन यांची माणसं सांगत राहिली आणि ब्लेअर यांची माणसं नाकारत राहिली. ब्राऊन पंतप्रधान झाले ते २७ जून २००७ला, त्या जेवणानंतर तेरा वर्षांनी.

"एवढं बहुमत असताना भांडण कसलं?"

बहुमत जेवढं मोठं, तेवढी आतली भांडणं परवडतात. काठावरचं सरकार असलं की सगळे श्वास रोखून एकत्र बसतात. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाच्या बोरिस जॉन्सन यांनी २०१९मध्ये ३६५ जागा जिंकल्या. ६ जून २०२२ला त्यांच्याच खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास मांडला, तो त्यांनी २११ विरुद्ध १४८ मतांनी परतवला. महिनाभरात त्यांच्या सरकारातल्या पन्नासहून अधिक जणांनी राजीनामे दिले आणि ७ जुलैला त्यांनाही जायचं असल्याचं जाहीर करावं लागलं.

"तिकडे नेता बदलला की निवडणूक होते, इकडे दिल्ली ठरवते"

पहिला अर्धा भाग साफ चूक. कॅमेरून यांच्यानंतर मे, जॉन्सन, ट्रस, सुनक असे पंतप्रधान २०१६ ते २०२२ या काळात एकामागून एक आले, आणि यातला एकही बदल सार्वत्रिक निवडणुकीने झाला नाही. लिझ ट्रस यांना पक्षाच्या ८१,३२६ सदस्यांनी निवडलं, ऋषी सुनक यांना ६०,३९९ मतं पडली. ट्रस ४९ दिवस टिकल्या. त्यांच्यानंतर सुनक बिनविरोध आले.

दुसऱ्या अर्ध्या भागात तथ्य आहे, पण ते एकाच पक्षाच्या माथी मारणं अन्यायाचं. २०१८मध्ये काँग्रेसचे निरीक्षक म्हणून मल्लिकार्जुन खरगे आले होते, २०२३मध्ये भाजपचेही निरीक्षक आले आणि विष्णुदेव साय यांचं नाव पुढे आलं. खरा फरक नियमांचा आहे. हुजूर पक्षात किती खासदारांनी पत्रं दिली की नेत्यावर मतदान घ्यायचं, हे ठरलेलं असतं. २०२२मध्ये तो आकडा १५ टक्के होता. आपल्याकडच्या पक्षांत असा आकडाच नाही, त्यामुळे नाराज माणूस मोजला जात नाही, तो फक्त ऐकला जातो किंवा ऐकला जात नाही. हे मला आपल्या लोकशाहीतलं मोठं न्यून वाटतं.

त्यात पक्षांतरबंदीचा कायदा. ब्रिटनमध्ये तो नाही. मार्च २०२४मध्ये ली अँडरसन हुजूर पक्षाचे निवडून आलेले खासदार म्हणून रिफॉर्म पक्षात गेले आणि खासदार राहिले. आपल्याकडे १९८५पासून दहावी अनुसूची आहे आणि २००३च्या दुरुस्तीनंतर दोन तृतीयांश आमदारांखेरीज सुटका नाही. २०२१मध्ये छत्तीसगढ काँग्रेसचे ७० आमदार होते, म्हणजे ४७ लागले असते. सिंहदेव बंड करतील अशी वाट पाहणाऱ्यांनी हा आकडा मनात धरलाच नव्हता. त्यांनी बंड केलं नाही. जुलै २०२२मध्ये घरकुल योजनेला पैसा मिळत नसल्याची तक्रार करत पंचायत खातं सोडलं, आरोग्य खातं ठेवलं. जून २०२३मध्ये, निवडणुकीला पाचेक महिने उरले असताना, ते उपमुख्यमंत्री झाले.

"डॉ. खरे मराठी होते म्हणून गेले"

हा नागपूरकरांचा जुना घाव, आणि मला सगळ्यांत जवळचा विषय. १९३७-३८मध्ये आमचा दुर्ग जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. विधानसभेचे अध्यक्षही दुर्गचेच, घनश्यामसिंह गुप्त. १९३७मध्ये डॉ. नारायण भास्कर खरे प्रांताचे प्रमुख झाले. मुख्यमंत्र्याला त्या काळी पंतप्रधान म्हणत. त्यांच्या मंत्रिमंडळात रायपूरचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे महाकोशल या हिंदी भागाचे, तर रामराव देशमुख आणि गोळे हे मराठी भागाचे. पटत नव्हतंच. मे १९३८मध्ये पचमढीला समेट घडवला गेला, तो दोन महिने टिकला.

२० जुलैला खरे यांनी राजीनामा दिला. देशमुख आणि गोळे यांनीही दिला. शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी मात्र पक्षश्रेष्ठींचा आदेश आल्याशिवाय देणार नाही असं सांगितलं. पहाटेपर्यंत राज्यपाल फ्रान्सिस वायली यांनी तिघांना बडतर्फ केलं आणि खरे यांनी नवं मंत्रिमंडळ बनवलं. खरे यांचा युक्तिवाद सरळ वेस्टमिन्स्टरचा होता : पंतप्रधान गेला की मंत्रिमंडळ गेलं. काँग्रेसचं म्हणणं वेगळं होतं. मंत्री पक्षाला बांधील आहेत, आणि आपल्याच सहकाऱ्यांना काढायला खरे यांनी इंग्रज राज्यपालाचा हात वापरला. दोन-तीन दिवसांत त्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. वर्ध्याला कार्यसमिती बसली, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. खरे यांच्यावर ठपका ठेवला गेला आणि २७ जुलैला शुक्ल नेते निवडले गेले.

यात भाषा होतीच, ती नाकारणं खोटेपणाचं होईल. पण खरे यांच्या त्या औटघटकेच्या दुसऱ्या मंत्रिमंडळात छत्तीसगढचे ठाकूर प्यारेलाल सिंह होते, आणि ते मराठी नव्हते. खरे यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या पक्षश्रेष्ठींचा रोखही मराठीवर नव्हता, राज्यपालाच्या मदतीवर होता. मंत्री नेमका कोणाला बांधील, नेत्याला, पक्षाला की सभागृहाला, हा त्या भांडणाचा गाभा होता. मला वाटतं, कायद्याच्या बाजूने खरे यांचं म्हणणं बरोबर होतं आणि काळाच्या बाजूने चूक. गुलामीत असलेल्या देशाच्या नेत्याने राज्यपालाच्या दारात न्याय मागायला नको होता.

याच शुक्लांचे चिरंजीव विद्याचरण. २०००मध्ये छत्तीसगढ वेगळं झालं, मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे न येता अजित जोगी यांच्याकडे गेलं. विद्याचरण काँग्रेस सोडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. राष्ट्रवादी महाराष्ट्राबाहेर चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी २००३चा आकडा पाहावा : जागा एक, पण मतं सात टक्के. भाजप आणि काँग्रेसमधलं अंतर अडीच टक्क्यांच्या आसपास होतं.

"काका-पुतण्यांची लुटुपुटूची लढाई"

पाटण मतदारसंघात भूपेश बघेल यांच्यासमोर त्यांचे दूरच्या नात्यातले पुतणे विजय बघेल उभे राहतात, आणि लोक म्हणतात, घरातल्या घरात मिळालेलं आहे. महाराष्ट्रातल्या काका-पुतण्यांच्या गोष्टी ऐकून हा समज आणखी घट्ट होतो. पण इथे पुतण्याने काकांच्या पक्षातला वाटा मागितलेला नाही. २००३मध्ये ते राष्ट्रवादीतून लढले आणि हरले. २००८मध्ये भाजपकडून लढून काकांना हरवलं. २०१३मध्ये काकांनी परतफेड केली. २०१९मध्ये विजय दुर्गचे खासदार झाले. २०२३मध्ये पुन्हा समोरासमोर, आणि भूपेश १९,७२३ मतांनी जिंकले. चारदा भिडून दोघांनीही हार चाखली. ठरवून असं कोणी करत नाही.

"भांडणामुळे सत्ता गेली"

हे वाक्य ३ डिसेंबर २०२३च्या संध्याकाळपासून ऐकतो आहे. भाजप ५४, काँग्रेस ३५. पण मतं पाहा. काँग्रेसची २०१८मध्ये ४३ टक्के होती, २०२३मध्ये ४२ टक्क्यांच्या वर. जवळजवळ जिथल्या तिथे. भाजप मात्र ३३वरून ४६वर गेला. मधल्या काळात जोगी यांनी पुढे काढलेल्या पक्षाची मतं साडेसात टक्क्यांवरून सव्वा टक्क्यावर आली आणि बसपचीही निम्म्याच्या आसपास उरली. म्हणजे २०१८ची लाट काही अंशी विरोधी मतं फुटल्यामुळे मोठी दिसली होती. ब्रिटनमध्ये २०२४ला हेच झालं. स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला ३४ टक्क्यांहून कमी मतांत ४११ जागा मिळाल्या, कारण उजवीकडची मतं हुजूर आणि रिफॉर्म यांच्यात वाटली गेली.

तरीही एका कोपऱ्यात हे वाक्य खरं ठरतं. सरगुजा विभागातल्या १४ जागा २०१८मध्ये सगळ्या काँग्रेसच्या होत्या. आपल्या बाबांना मुख्यमंत्री करायचं म्हणून तिथल्या माणसांनी मत दिलं होतं. पाच वर्षांनी त्या १४च्या १४ भाजपकडे गेल्या. बाबांची स्वतःची अंबिकापूरची मतमोजणी रात्रीपर्यंत रेंगाळली. आमच्या टपरीवर शटर अर्धं खाली ओढून सगळे मोबाइलभोवती उभे होते. चहावाला या वेळी बोटं मोजत नव्हता, आकडाच तसा होता. टी. एस. सिंहदेव ९४ मतांनी हरले.