यादीतले नाव

आमच्या भागात शिक्षकाचे प्रशिक्षण म्हणजे पूर्वी तालुक्याच्या गावाची, घोडेगावची फेरी. पुण्यात कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य परिषदेत तज्ज्ञ तयार व्हायचे. ते जिल्ह्याला शिकवायचे, जिल्ह्याचे तालुक्याला, आणि शेवटी गट साधन केंद्रात सतरंजीवर आम्ही. वर सांगितलेले खाली येईपर्यंत निम्मे सांडायचे. नोंदणी मात्र सोपी होती. दाराशी हजेरीपट असे, नावापुढे सही केली की झाले. माझ्यासारख्या शिनोलीच्या माणसाला घोडेगाव हाकेच्या अंतरावर, पण अहुप्याकडच्या गुरुजींना डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालून यावे लागे. तरी ते यायचे. दुपारच्या चहाला एकमेकांच्या वर्गातल्या अडचणी निघत, आणि पुष्कळदा खरे प्रशिक्षण तिथेच होत असे.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा शब्द शाळेशाळेत पोहोचला. सरकारी कर्मचाऱ्यांना संगणकाची ती परीक्षा आवश्यक झाली, ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ठरली आणि वेतनवाढ तिच्याशी बांधली गेली. वीस-बावीस वर्षे खडू धरलेल्या हातांनी तेव्हा पहिल्यांदा माउस धरला. भीती होतीच, पण केंद्रावर शेजारी एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी उभी असे. बाण कुठे न्यायचा ते ती दाखवी. त्या शेजारच्या माणसाचे मोल मला पुढे फार उशिरा कळले.

२०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, सरल प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरणे सुरू झाले आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ ही नवी ओळख तयार झाली. मला संगणकाची आवड होती, त्यामुळे तालुक्यातले असे काम हळूहळू माझ्याकडे येऊ लागले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी दीक्षा हे शिक्षणाचे ऑनलाइन व्यासपीठ देशासाठी खुले झाले. मग कोरोना आला, शाळा बंद झाल्या आणि सगळेच प्रशिक्षण मोबाइलच्या पडद्यावर गेले. आधी प्रत्यक्ष वर्गात होणारे ‘निष्ठा’ प्रशिक्षण ऑक्टोबर २०२० पासून देशात दीक्षावर आले. पुढे पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे १२ घटकसंच आले. यादी करायची, नोंदणी करून द्यायची, कोण किती पुढे गेले ते पाहायचे, हे काम माझे.

एक शिक्षक म्हणजे एक ओळ, इतकेच मला वाटले होते. प्रत्यक्षात एकेका ओळीत एकेक संसार निघाला. एखाद्या बाईंचे सेवापुस्तकातले नाव माहेरचे, आधारवरचे सासरचे, आणि बँकेत तिसरेच. प्रमाणपत्र सेवापुस्तकाला जोडायचे, तर नाव अक्षराला अक्षर जुळायला हवे. नवरा-बायको दोघेही शिक्षक, पण मोबाइल क्रमांक दोघांनी एकच दिलेला. कुणाचा ईमेल मोबाइल दुकानदाराने तयार केलेला, पासवर्ड त्यालाच ठाऊक. कुणाचा ओटीपी पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या फोनवर जाई, आणि मुलगा वर्गातून बाहेर येईपर्यंत त्याची मुदत संपे. डिंभ्याच्या पुढे रेंज विरळ होत जाते. शाळेमागच्या टेपाडावर चढून एखादा व्हिडिओ उतरवून घ्यायचा, तर त्यात तास जाई.

मग मी एक लांबट वही केली. सेवापुस्तकातले नाव, पगाराच्या प्रणालीतला शालार्थ क्रमांक, स्वतःच्या खिशातल्या फोनचा क्रमांक, स्वतःला उघडता येणारा ईमेल, एवढे चार रकाने. चारही भरल्याशिवाय संगणकावर बोट ठेवायचे नाही, असा नियम केला. वेळ लागला, पण पुन्हा पुन्हा दुरुस्त्या करणे थांबले. जून २०२२ मध्ये त्या वहीचा खरा उपयोग झाला. १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी यांचे प्रशिक्षण तेव्हा ऑनलाइन झाले. राज्यभरातून ९० हजारांहून अधिक शिक्षकांची नोंदणी झाली होती, आणि प्रत्येकाने २००० रुपये शुल्क भरले होते. ईमेलमधले एक अक्षर चुकले तरी हक्काची वेतनश्रेणी लांबणार होती. इतकी वर्षे सेवा केलेल्या माणसाचे एका अक्षरासाठी नुकसान होऊ नये, एवढ्यासाठी मी त्या दिवसांत रोज रात्री उशिरापर्यंत बसत होतो.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, आणि ती आजही टोचते. संख्याज्ञानाच्या प्रशिक्षणात वरच्या अंगाच्या एका शाळेतल्या बाई मागे राहिल्या होत्या. शाळा दोनशिक्षकी, रेंज नाही, घरी आजारपण. “सर, तुम्हीच करून टाका ना,” त्या म्हणाल्या. मला यादी पूर्ण करायची होती. मी त्यांच्या नावाने एकामागून एक घटकसंच उघडत पुढे सरकवले, प्रश्नांची उत्तरे दिली आणि प्रमाणपत्र उतरवून त्यांना पाठवले. महिन्याभराने त्या घोडेगावात भेटल्या. “सर, त्यात होते तरी काय?” त्यांनी मनापासून विचारले. यादीत त्यांचे नाव पूर्ण होते. त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचले नव्हते.

त्यानंतर दुसऱ्याच्या नावाने एकही घटकसंच मी उघडला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वरच्या गावांचे शिक्षक शिनोलीत माझ्या ओसरीवर यायचे. इथे रेंज मिळे. प्रत्येकाने आपल्या फोनवर आपला घटकसंच उघडायचा, मी शेजारी बसायचो. अडले तिथे बाण दाखवायचो, उत्तर सांगायचो नाही. चहा व्हायचा आणि चहाबरोबर वर्गातल्या अडचणीही निघायच्या. त्या बाईही आल्या. प्रमाणपत्र हातात असूनही त्यांनी संख्याज्ञानाचा आणि खेळण्यांतून शिकवण्याचा असे दोन्ही घटकसंच पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या शाळेत गेलो. वेचलेला बाळहिरडा पोरांनी घरून आणला होता. दहा-दहाचे ढीग, दहा ढिगांचे शंभर, आणि मग किलोला इतके रुपये तर आईच्या पाटीचे किती, असा हिशेब चालला होता. एरवी न बोलणारी मुलगी भाव सांगत होती, कारण तो तिने घरी ऐकलेला होता.

आता सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मिशन कर्मयोगीचे आयगॉट हे ऑनलाइन प्रशिक्षणाचे व्यासपीठ आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकाला वर्षाला ५० तास शिकायला सांगितले आहे. घाट न चढता चांगल्या तज्ज्ञाचा शब्द अहुप्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो, याचा मला आनंद आहे. मधल्या पायऱ्यांवर तो आता सांडत नाही. पण किती जणांनी नोंदणी केली आणि किती जणांना प्रमाणपत्र मिळाले, एवढेच आकडे वर जातात. नोंदणी करणाऱ्याच्या हाती नुसती मुदत न देता, त्याला शेजारी बसण्याचा वेळही द्यावा. तालुक्याला एक खोली, एक चालती जोडणी, एक समजूतदार माणूस आणि महिन्यातले दोन शनिवार. वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, एवढे पुरते.