ऐकणाऱ्याचा चेहरा

आसनगावात रेल्वेलाइनजवळच्या एका कौलारू घराच्या माजघरात रेवती गाते आहे आणि अश्विनशेठ ऐकतो आहे. तिला प्रेमाने दिलेली आपली तसबीर फाल्गुनरावाच्या हाती कशी गेली, हे त्याच्या मनातून जात नाही. हौशी कलाकारांना घेऊन ‘संशयकल्लोळ’चा एवढाच तुकडा आम्ही चित्रित करतो आहोत.

देवलांनी हे कथानक आधी गद्यात लिहिलं. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते पदांसह रंगभूमीवर आणलं. रंगभूमीवर पद सुरू झालं की गाणारा प्रेक्षकांकडे वळतो आणि समोरचं पात्र ताटकळत उभं राहतं. पडद्यावर ते चालत नाही. संशयाने पोखरलेला माणूस पद संपेपर्यंत काय करतो? माझ्या मते सगळं नाट्य तिथेच आहे.

म्हणून गाणं जागेवरच घ्यायचं. पेटी-तबला ओटीवर, चौकटीबाहेर. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे असेच कॅमेऱ्यासमोर गायले होते. शोनबर्गने नवराबायकोच्या एका रात्रीच्या भांडणावर विनोदी ऑपेरा रचला, तो १९३० मध्ये फ्रँकफर्टला रंगभूमीवर आला. त्यावर स्ट्रोब आणि युइये या जोडप्याने १९९६ मध्ये चित्रपट केला, तेव्हा त्यांनीही गाणं चित्रणाबरोबरच मुद्रित केलं.

याची किंमत मोठी आहे. दर टेकला तान वेगळी पडते, लय किंचित सरकते. दोन टेकचे तुकडे जोडता येत नाहीत. कसाऱ्याकडे निघालेली मालगाडी आली की पुन्हा पहिल्यापासून.

रेवतीला पाठमोरी बसवली, अश्विनशेठला समोर. सुरुवातीला तो प्रत्येक ओळीला कपाळावर आठ्या घाली. मग त्याच्या हातात उपरणं दिलं: घडी घाल आणि नुसतं ऐक. एका टेकला ती तारसप्तकात थांबली आणि त्याची बोटं घडीवरच थबकली. तोच टेक ठेवला.

त्या टेकच्या शेवटच्या आवर्तनांवर मात्र इंजिनाचा भोंगा आला होता. ती कापली. गायिकेला फार वाईट वाटलं, आणि ते रास्तच होतं. समेवर येऊ न देता पद तोडणं रंगभूमीवर कुणी खपवून घेणार नाही. इथे मात्र अश्विनशेठनेच तिला मध्ये तोडल्यासारखं वाटतं, आणि त्या घटकेला तो तसंच करेल.