अनेक चेहऱ्यांचा नट : सर अ‍ॅलेक गिनेस

नट म्हटला कीं देखणा चेहरा आणि रुबाबदार देह आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रसिद्ध इंग्रज नट सर अ‍ॅलेक गिनेस यांना या दोन्ही देणग्या देतांना निसर्गानें हात आंखडताच घेतला होता. त्यांचा चेहरा अगदीं साधा, चारचौघांत मिसळून जाणारा होता. परंतु त्याच चेहऱ्यावर त्यांनीं नाना तऱ्हेचीं माणसें जिवंत केलीं. हें त्यांना कसें साधलें, तें पाहण्यासारखें आहे.

त्यांचा जन्म लंडन शहरीं २ एप्रिल १९१४ रोजीं झाला. आपले वडील कोण, हें त्यांना निश्चित कधींच कळलें नाहीं. शाळा सुटल्यावर त्यांनीं जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी धरली; पण मनाची ओढ रंगभूमीकडे होती. मार्टिटा हंट या नटीकडे ते शिकावयास गेले, तेव्हां तुम्हांला अभिनय साधणार नाहीं, असेंच त्या बाईंनीं प्रथम सांगितलें. गिनेस खचले नाहींत. १९३४ मध्यें जॉन गिलगुड यांच्या ‘हॅम्लेट’ नाटकांत त्यांना ऑस्रिकची लहानशी भूमिका मिळाली. आणि १९३८ सालीं ओल्ड व्हिक नाट्यगृहांत ते स्वतःच हॅम्लेट होऊन उभे राहिले.

दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं आरमारांत चाकरी केली. पुढें १९४६ च्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ चित्रपटांत ते हर्बर्ट पॉकेट झाले, आणि त्याच चित्रपटांत मिस हॅविशॅमची भूमिका मार्टिटाबाईंनीं केली! १९४९ च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्यें तर एकाच कुटुंबांतील आठ व्यक्ति त्यांनीं एकट्यानें रंगविल्या, त्यांत एक स्त्रीही होती.

ही किमया केवळ रंगरोगणाची नव्हे. माणसाची चाल सांपडली कीं माणूस सांपडतो, अशी त्यांची धारणा होती. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या १९५७ च्या चित्रपटांत ते जपान्यांच्या कैदेंतील कर्नल निकल्सन झाले. तापलेल्या कोंडवाड्यांतून बाहेर पडून हा अधिकारी लटपटत्या पायांनीं, तरीही ताठ मानेनें चालत जातो. ती चाल गिनेस यांनीं आपल्या मुलाची पाहून घेतली होती. पोलिओनें त्याचे पाय लुळे पडले होते. त्यांतून बरा होत असतां तो पुन्हां चालावयास शिकला, तें पित्यानें डोळ्यांत सांठविलें होतें. या भूमिकेबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें.

मात्र याच नटाची एक भूमिका आपल्याला विचार करावयास लावते. १९८४ च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ चित्रपटांत ते प्रोफेसर गोडबोले झाले. गोडबोले हें आडनांव आपल्या महाराष्ट्रांतलें. इंग्रज नटानें तोंड रंगवून हिंदी माणसाचें सोंग घ्यावें, यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. मुलाची चाल त्यांनीं जवळून, मायेनें पाहिली होती. गोडबोल्यांना तसा शेजार लाभला नव्हता. जेथें निरीक्षण तोकडें पडतें, तेथें थोर नटाचाही रंगच तेवढा दिसतो.

१९५९ सालीं त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली; १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नें त्यांचें नांव मुलांच्याही तोंडीं झालें. ५ ऑगस्ट २००० रोजीं ते निवर्तले. विद्यार्थिमित्रहो, संमेलनाच्या नाटकांत लहानसें काम वाट्याला आलें, तर खट्टू होऊं नका. पोषाख मागण्यापूर्वीं तो माणूस कसा चालतो, एवढें आधीं पाहून या.