मागची आस आणि पाचवा दांडा

इंग्लंडमध्ये नोकरीला होतो तेव्हा शेजाऱ्याच्या गॅरेजात एक दोन आसनी गाडी जमवणं चालू होतं. चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टमधून उचललेलं बाकी सगळं. गाडी रस्त्यावर आली आणि पहिल्याच आठवड्यात त्याची तक्रार सुरू झाली. उजव्या वळणावर ठीक, डाव्या वळणावर मागची बाजू ढुंगण हलवते, असं तो म्हणे. दोष त्याने दांड्यांच्या टोकांतल्या रबरी बुशांवर टाकला आणि रोज जॉइंटची ऑर्डर देऊन मोकळा झाला. रोज जॉइंट म्हणजे पोलादी कडीत फिरणारा पोलादी गोळा. त्यात रबर औषधालाही नसतं.

घरी जोडायच्या गाड्यांची ही जात मुळात कर वाचवण्यातून वाढली. 1957 मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही गाडी आणली. तयार गाडीवर ब्रिटनमध्ये खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून ती पेट्यांतून घरी न्यायची आणि स्वतः जोडायची. 1973 मध्ये व्हॅट आला, तो फायदा गेला, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. तिथे ती पुढे बनत राहिली. 1996 मध्ये रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक आलं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, हे सांगणाऱ्या त्या पुस्तकातली गाडी म्हणजे ‘लोकॉस्ट’. शेजाऱ्याची गाडी तीच. अडीचशे पौंडांचा आकडा मात्र त्याच्या बायकोसमोर काढायची सोय नव्हती.

या गाड्यांच्या मागे बहुधा अखंड आस असते, म्हणजे दोन्ही चाकं आणि मधलं डिफरन्शियल एकाच कवचात. आपल्या पद्मिनीला आणि अ‍ॅम्बॅसॅडरलाही तशीच होती, फक्त ती पाट्यांवर बसवलेली. पाटे दोन कामं करतात, भार झेलतात आणि आस जागेवरही धरतात. जोरात क्लच सोडला की पाटा इंग्रजी एससारखा वळतो आणि आस थडथडते. कॉइल स्प्रिंग लावली की भार झेलायचं काम सुटतं, पण आस धरणार कोण, हा प्रश्न उरतो.

इथे मोजणी करावी लागते. मोकळ्या आसेला सहा हालचाली शक्य असतात. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली या तीन सरळ, आणि तीन गरगर फिरण्याच्या. त्यातल्या दोनच हव्यात: दोन्ही चाकं मिळून वर-खाली होणं, आणि एक वर गेलं तर दुसरं खाली जाणं. उरलेल्या चार बांधायच्या. टोकांना मोकळे सांधे असलेला एक दांडा एकच हालचाल बांधतो, म्हणजे चार दांडे पुरेत.

सेव्हनची 1960 ची दुसरी आवृत्ती या हिशेबात चोख होती. आसेच्या वरच्या अंगाला पुढून येणारे दोन दांडे, आणि डिफरन्शियलच्या पोटाला ए-अक्षरासारखी एक चौकट. ती चौकट पुढे-मागे आणि आडवंही धरते, म्हणजे दोन दांड्यांचं काम करते. दोन आणि दोन चार. चॅपमन यांचा हातखंडाच हा, एका भागाकडून दोन कामं काढून वजन वाचवायचं. पण आस होती स्टँडर्ड कंपनीच्या साध्या कुटुंबी गाडीची. तिच्या कवचाच्या पोटाला कुणी असं ओढेल, असं ते घडवणाऱ्यांच्या मनातही नव्हतं. समजा इंजिनाचा पीळ 100 न्यूटन-मीटर आहे. दुसऱ्या गिअरची दुप्पट आणि डिफरन्शियलची 3.9 पट धरली, तर आसेवर 780 न्यूटन-मीटरचा पीळ येतो. वरचे दांडे आणि चौकट यांत 25 सेंटिमीटर अंतर असेल तर नुसत्या त्या पिळानेच पोटावर तीनशे किलोहून जास्त जोर येतो. गाडीच मुळी पाचशे किलोच्या आसपास. कवचं तडकली, तेल गळलं, त्या तेलात चौकटीचं रबरी बुश कुजलं. मालकांनी मग कवचाला जाड पट्ट्या वेल्ड केल्या. मोजणी बरोबर होती, धरायची जागा चुकली.

लोकॉस्टमध्ये नेमकं उलटं आहे. दोन्ही बाजूंना वर एक, खाली एक असे चार दांडे आसेच्या भक्कम नळ्यांना धरतात, आणि आडवी ओढ झेलायला पाचवा पॅनहार्ड दांडा असतो. जागा उत्तम, पण दांडा एक जास्त! वरखालचे दांडे समान लांबीचे आणि समांतर असतील तोवर हे खपतं. जरा बिनसलं की गाडी कलताना डावी जोडी आसेला एकीकडे पिळते, उजवी दुसरीकडे, आणि कवच पिळाच्या सळईसारखं वागू लागतं. तो तंटा मिटवतं कोण? रबरी बुश. तेच काढून पोलादी गोळे बसवले की तंटा थेट ब्रॅकेटच्या वेल्डवर जातो. एरवी पॉलियुरेथेनचं मी कौतुक करतो, पण पीळ सोसायच्या जागी तेही रबराइतकं उदार नसतं.

आता पॅनहार्ड दांडा. त्याचं एक टोक सांगाड्याला, दुसरं आसेला, म्हणून आस कंसात फिरते आणि किंचित बाजूला सरकते. आडव्या ठेवलेल्या 600 मिलिमीटरच्या दांड्यावर चाकं 50 मिलिमीटर हलली तर आस 2 मिलिमीटर सरकते. दांडा 900 चा असेल तर दीडही नाही. हे सरकणंही नको असेल तर वॅटची जोडणी लावता येते: आसेच्या मध्यावर फिरणारी छोटी पट्टी आणि दोन बाजूंना दोन दांडे. जेम्स वॅटने तिचं मूळ 1784 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी काढलं, आणि उतारवयात इतर कुठल्याही शोधापेक्षा त्याला तिचाच अभिमान अधिक होता. जोडणी देखणी आहेच. पण इतक्या छोट्या गाडीत ती माझ्या मते हौस. लांब आणि आडवा पॅनहार्ड दांडा पुरतो.

मात्र तो आडवा हवा. शेजाऱ्याच्या गाडीखाली शिरलो तर तो तिरका निघाला. खडबडीत गल्लीत सायलेन्सर घासतो म्हणून त्याने मागच्या स्प्रिंगच्या वाट्या फिरवून गाडी चाळीस मिलिमीटर उंच केली होती, तीही रिकामी उभी असताना. सांगाड्याकडचं टोक चाळीस मिलिमीटर वर गेलं. आता चाकं आणखी 50 मिलिमीटर लोंबली की आस दोन नव्हे, साडेपाच मिलिमीटर सरकणार. शिवाय तिरका दांडा वळणाच्या जोराने एका बाजूला सांगाडा उचलतो, दुसऱ्या बाजूला खाली ओढतो. डाव्या-उजव्या वळणांतला फरक तोच.

दुसरी गोम पुढून येणाऱ्या दांड्यांची. त्यांचं पुढचं टोकही आसेपेक्षा वर गेलं होतं. गाडी कलली की वळणाबाहेरचं चाक थोडं मागे जातं, आतलं थोडं पुढे येतं, आणि मागची चाकं वळणाबाहेर रोखतात. स्टिअरिंग न फिरवता मागची आसच गाडी वळवू लागते.

रविवारी आम्ही चालकाच्या जागी त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या. वाट्या उलट फिरवून पॅनहार्ड दांडा पाणसळीने आडवा केला, चारही दांडे समांतर आहेत का ते पाहिलं, दोन्हीकडचं चाकांमधलं अंतर दोरीने ताडून घेतलं. सायलेन्सर वर बांधायला एक रबरी कडी पुरली. संध्याकाळी तो फेरी मारून आला तेव्हा काही बोलला नाही, फक्त पुन्हा एकदा गेला. रोज जॉइंटचं खोकं मंगळवारी आलं. मी परतलो तेव्हाही ते न फोडता फळीवर होतं, आणि त्याच्यावर तेलाचा डबा.