खेळाडूचा शिक्षक झाला : रमाकांत आचरेकर

कोकणचा किनारा रमणीय खरा. परंतु तेथील कर्तृत्वाला बहुधा गाव सोडल्यावरच वाट सापडली. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाट चढून गेले आणि १७१३ साली पेशवेपदी आरूढ झाले. त्याच किनाऱ्यावर पुष्कळ दक्षिणेस, मालवण येथे, १९३२ साली जन्मलेले रमाकांत विठ्ठल आचरेकर यांचेही नाव झाले ते मुंबईत. मात्र त्यांची कीर्ती निराळ्या जातीची होय. स्वतः खेळून जे त्यांच्या हाती लागले नाही, ते त्यांनी दुसऱ्यांच्या हाती दिले.

१९४३ साली ते क्रिकेट खेळू लागले आणि १९४५ मध्ये न्यू हिंद स्पोर्ट्‌स क्लबकडून मैदानात उतरले. पुढे गिरणीच्या व कचेरीच्या संघांतून ते वर्षानुवर्षे खेळले. एवढ्या दीर्घ उमेदवारीत प्रथम श्रेणीचा सामना त्यांच्या वाट्यास आला तो एकच : १९६३-६४ च्या मोईनउद्दौला स्पर्धेत, स्टेट बँकेकडून, हैदराबादविरुद्ध. अशा खेळाडूचे नाव सामान्यतः धावफलकाच्या जुन्या वह्यांतच राहते.

अमेरिकेत फुटबॉल खेळून थांबलेला खेळाडू पुष्कळदा एखाद्या हायस्कुलात प्रशिक्षक होतो आणि सारा गाव त्या शाळेच्या संघाशी आपला अभिमान जोडतो. मुंबईत हे स्थान शालेय क्रिकेटला लाभले. १८९७ पासूनची हॅरिस ढाल आणि १९०१ पासूनची गाइल्स ढाल यांसाठी शाळाशाळांत चुरस लागत आली आहे. आचरेकरांनी बँकेची नोकरी सांभाळून शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लब चालविला आणि दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचे संघ घडविले.

त्यांच्या शिकवणीचे मर्म कोणते? जाळीतल्या सरावात फलंदाज बाद झाला तरी त्याचे काहीच जात नाही. पुढचा चेंडू त्याला मिळतोच. सामन्यात मात्र एका चुकीसरशी तंबू गाठावा लागतो. म्हणून आचरेकरांचा भर सामन्यांवर असे. होतकरू मुलाला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि जेथे जागा मिळेल तेथे त्याला खेळवीत. खेळपट्टी निराळी, गोलंदाज अनोळखी, भोवती दुसऱ्याच सामन्याचे क्षेत्ररक्षक! अशा गर्दीत चेंडूवर लक्ष ठेवण्याची सवय आपोआप जडे.

जाळीतही विकेटला किंमत यावी यासाठी त्यांनी एक साधी युक्ती योजली होती. दिवसाअखेर, शरीर थकले असता, ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज फलंदाजाला बाद करील त्याचे ते नाणे. कोणीच बाद करू शकला नाही, तर फलंदाजाचे. सचिन तेंडुलकर यांनी अशी १३ नाणी मिळविली आणि ती आपल्या मोलाच्या ठेव्यांत जपली.

या शिक्षणाची कसोटी फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर लागली. हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी रचली. डाव सोडावा, असा गुरूंचा निरोप होता; सीमेवरून खुणा होत होत्या; पण दोन्ही मुलांनी तिकडे पाहिले न पाहिलेसे केले! अखेर डाव सोडावाच लागला, तेव्हा तेंडुलकर ३२६ आणि कांबळी ३४९ वर नाबाद होते. आणखी एका धावेचा मोह गुरूंनी पुरवू दिला नाही. सामना विक्रमासाठी नसून जिंकण्यासाठी असतो, हा त्यातला पाठ होता. आणि त्याच कांबळीने मग चेंडू हाती घेऊन सहा गडी बाद केले.

स्तुतीच्या बाबतीत तर त्यांचा हात फारच आखडता होता. निवृत्त होताना, १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर, तेंडुलकर यांनी जाहीरपणे सांगितले की, २९ वर्षांत सरांनी आपणास चांगला खेळलास असे एकदाही म्हटले नाही. आपण संतुष्ट होऊन कष्टांत ढिलाई करू, अशी त्यांना धास्ती होती. कोवळ्या मनाला अशी कठोरता सोसेलच असे नाही, आणि प्रत्येक शिक्षकाने तिचे अनुकरण करावे असेही नाही. परंतु तिच्यामागे उदासीनता नव्हती. जो माणूस स्वतःचा वेळ वेचून शिष्याला मैदानोमैदानी नेतो, त्याचे मौन हीसुद्धा एक प्रकारची काळजीच असते.

बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, अजित आगरकर असे अनेक कसोटीपटू या मैदानावर तयार झाले. १९९० मध्ये आचरेकरांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

एकच प्रथम श्रेणीचा सामना खेळलेल्या माणसाचे स्मारक मैदानाने जपावे, यात नवल नाही. खेळाडूच्या धावा त्याच्याबरोबर थांबतात. शिक्षकाच्या धावा मात्र दुसऱ्यांच्या बॅटींतून पुढे मोजल्या जातात.