आठवा नियम, अठरावा नियम

गर्भाशयमुखाचा कर्करोग, ज्याला बोलीत सरसकट ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हटले जाते, त्याच्या वैद्यकीय इतिहासात भिंतींआड राहणाऱ्या स्त्रिया दोनदा भेटतात. पहिल्या भेटतात त्या मठातल्या. दोमेनिको रिगोनी-स्टेर्न या इटालियन वैद्याने व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या आणि १८४२ मध्ये दाखवून दिले, की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांमध्ये पुष्कळ आढळतो, ननांमध्ये मात्र क्वचितच. दुसऱ्या भेटतात त्या तुरुंगातल्या. रिगोनी-स्टेर्नचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले, पण या दुसऱ्या स्त्रियांचा उल्लेख जुन्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिकेपलीकडे फारसा कोठे आला नाही.

आर्मंड पेरेरा हे अमेरिकन शल्यविशारद स्त्रियांच्या मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध असले, तरी १९६१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला एक निबंध तुरुंगातील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आणि त्याच्या लैंगिक संबंधांशी असलेल्या नात्यावर होता. १९६८ मध्ये अमेरिकेतीलच आणखी एका तुरुंगाचा अभ्यास आला आणि त्याच वर्षी गुप्तरोगांना वाहिलेल्या एका ब्रिटिश नियतकालिकात स्त्रियांच्या तुरुंगातील वेश्यांविषयीचा लेख छापून आला. या सर्वांमागचा तर्क एकच होता: मोजपट्टीच्या एका टोकाला नन असतील, तर दुसऱ्या टोकाला कैदी स्त्री असली पाहिजे, आणि या दोन टोकांमधील फरकातून रोगाचे कारण हाती लागले पाहिजे. कारण लागलेही. हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे (एचपीव्हीचे) १६ आणि १८ हे दोन प्रकार या कर्करोगाच्या पेशींतून वेगळे काढले आणि २००८ मध्ये त्सूर हाउझेन यांना नोबेल मिळाले. कैदी स्त्रियांचा या कथेतील भाग पुराव्याचा होता आणि पुरावा म्हणून त्यांचे काम संपताच कथेने त्यांना सोडून दिले.

नन विरुद्ध कैदी या तर्कातला नैतिक शेराही शास्त्राला टिकवता आला नाही, हे येथे नोंदवायला हवे. विषाणू मिळण्यासाठी एकच जोडीदार, म्हणजे बहुसंख्य भारतीय स्त्रियांच्या बाबतीत नवरा, पुरेसा असतो. विषाणूचा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो त्यांच्यापैकी काहींना साधारण पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो, आणि एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर हा काळ पाच-दहा वर्षांवर येतो. मधल्या वर्षांत गर्भाशयमुखावरील पेशींत होणारे बदल दिसतात आणि काढून टाकता येतात. तपासणीतून होणारा प्रतिबंध या दीर्घ सवडीवर उभा आहे. तुरुंगात येणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यात नेमकी ही सवड हुकत जाते. तपासणी होते पण अहवाल येईपर्यंत तिला जामीन मिळालेला असतो, किंवा अहवाल हाती येतो पण पुढच्या उपचाराला जायला घर, पैसा, सोबत यांपैकी काहीच नसते. कारावासाचा इतिहास असलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण इतरांच्या चार ते पाचपट असल्याचे अमेरिकेतील संशोधन सांगते, त्याच्या मुळाशी चारित्र्यापेक्षा हा हुकलेला पाठपुरावा अधिक आहे.

मात्र या स्त्रिया तपासणीला बिचकत असतील, तर त्यालाही इतिहास आहे. योनीमार्ग उघडा धरून गर्भाशयमुख दाखवणारे स्पेक्युलम हे उपकरण हिंदुस्थानात १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यान्वये सरकारी सक्तीचे साधन म्हणून वापरले गेले: नोंदणीकृत वेश्यांना ठरलेल्या दिवशी तपासणीला हजर राहावे लागे, रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये अडकून पडावे लागे, आणि न गेल्यास शिक्षा होई. हा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. गर्भाशयमुख भिंगातून पाहण्याचे कॉल्पोस्कोप हे यंत्र १९२५ मध्ये घडवणारे हान्स हिन्सेलमान यांची कथा तर याहून काळी आहे, कारण ऑश्विट्झच्या दहाव्या बराकीत बंदिवान स्त्रियांच्या गर्भाशयमुखावर जे प्रयोग झाले, त्यांतील नमुने त्यांच्याकडे तपासणीसाठी जात; युद्धानंतर त्यांना शिक्षा झाली ती रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल.

या पार्श्वभूमीवर १९९८ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या लेखाचे महत्त्व त्याच्या शीर्षकातच आहे, कारण ते शीर्षक म्हणजे एक प्रश्न आहे: कारावासात असताना पॅप तपासणी देऊ केली तर कैदी स्त्रिया ती स्वीकारतील का? (पॅप तपासणीत गर्भाशयमुखावरील पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.) हा प्रश्न ब्रिटिश कोलंबियातून, म्हणजे ज्या प्रांताने १९४९ मध्येच आपल्या स्त्रियांसाठी या तपासणीची संघटित योजना सुरू केली त्या प्रांतातून, जवळपास पन्नास वर्षांनी विचारला गेला; दिरंगाईचे याहून बोलके मोजमाप सापडणे कठीण. लेखाच्या लेखिका रूथ एलवूड मार्टिन या तुरुंगात काम करणाऱ्या डॉक्टर होत्या. पुढे त्यांनी तुरुंगातील तपासणी उपक्रमाचे मूल्यमापन २००४ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यात भाग घेतलेल्या स्त्रियांचा तीन वर्षांचा पाठपुरावा २००८ मध्ये मांडला, म्हणजे सुटकेनंतर काय होते हा प्रश्न त्यांनी सोडून दिला नाही.

मार्टिन यांचे खरे वेगळेपण त्यानंतरच्या टप्प्यात दिसते. मेपल रिज येथील अ‍ॅलुएट या स्त्रियांच्या तुरुंगात, ब्रेंडा टोल या अधीक्षक असताना, २००५ पासून सुमारे दोन वर्षे कैदी स्त्रियांनीच संशोधक म्हणून काम केले. प्रश्न त्यांनी ठरवले, प्रश्नावल्या त्यांनी तयार केल्या, आणि आपल्या आरोग्याची नऊ उद्दिष्टे त्यांनीच मांडली. डॉक्टरांच्या यादीत पेशी आणि विषाणू असतात. या यादीत मुलांशी आणि कुटुंबाशी नाते, डोक्यावर छप्पर, शिक्षण आणि काम हे सगळे आरोग्य म्हणून आले. पॅप तपासणीचा अहवाल जिला पाठवायचा तिला पत्ताच नसेल तर अहवालाचा उपयोग काय, हे कळायला या स्त्रियांना कोणत्याही पदवीची गरज नव्हती. त्याच तुरुंगातील, टोल यांच्या काळातली, आई आणि तान्हे मूल एकत्र ठेवण्याची सोय मात्र २००८ मध्ये बंद करण्यात आली आणि प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले. अधीक्षकाच्या स्वभावावर टिकणाऱ्या सुधारणा किती टिकतात, याचा हा नमुना होय.

स्वभावावर विसंबू नये म्हणून नियम असतात. थायलंडच्या राजकन्या बज्रकितियाभा यांच्या पुढाकाराने तयार झालेले, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये स्वीकारलेले ‘बँकॉक नियम’ संख्येने सत्तर आहेत. त्यांतील अठरावा नियम सांगतो, की कैदी स्त्रीला समाजातील तिच्या वयाच्या स्त्रियांच्या बरोबरीने पॅप तपासणी आणि स्तनाच्या व स्त्रीरोगविषयक कर्करोगांची तपासणी देऊ केली पाहिजे. आठवा नियम सांगतो, की आपल्या प्रजननविषयक इतिहासाबाबत माहिती न देण्याचा आणि तपासणी नाकारण्याचा हक्क तिला आहे. दोन्ही एकत्र वाचले तरच अर्थ लागतो. आठव्याशिवाय अठरावा म्हणजे पुन्हा १८६८, आणि अठराव्याशिवाय आठवा म्हणजे हात झटकणे.

भारतापुरता अठराव्या नियमात एक खड्डा आहे, तो ‘बरोबरीने’ या शब्दाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के होत्या. ज्या देशात २०२२ मध्ये या कर्करोगाचे अंदाजे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आणि जवळजवळ ऐंशी हजार मृत्यू झाले, तेथे बरोबरी म्हणजे शून्याशी बरोबरी. त्याच वर्षाअखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांमध्ये स्त्रिया २३,७७२, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास होत्या, आणि एकूण कैद्यांपैकी तीन चतुर्थांश ‘कच्चे’, म्हणजे खटला निकाली न निघालेले होते. कच्च्या कैदी स्त्रीला उद्याचा भरवसा नसतो, त्यामुळे अहवालाला आठवडे लावणारी तपासणी तिच्या कामाची नाही.

यावरचा तोडगा भायखळ्याच्या तुरुंगापासून काही किलोमीटरवर असलेल्या, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने पारखला. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या दीर्घ अभ्यासात चार टक्क्यांचे अ‍ॅसेटिक आम्ल, थोडक्यात व्हिनेगर, बोळ्याने गर्भाशयमुखाला लावून एक मिनिट थांबत. पेशी बिघडलेल्या असतील तर तेवढा भाग पांढरा पडे, आणि तो ओळखायला शालेय शिक्षण झालेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रिया पुरेशा ठरल्या. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. याच अभ्यासावर एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरांनी २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये कडक टीका केली, की तुलनेसाठी निवडलेल्या निम्म्या स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजण्यात आले. आपल्याकडे अन्य कोणतीही तपासणी प्रत्यक्षात नव्हतीच, हा संशोधकांचा बचाव खरा असला तरी पुरेसा वाटत नाही; पुराव्यासाठी दुर्बळ स्त्री वापरण्याची १९६१ ची सवय येथेही पुरती सुटलेली दिसत नाही. पण त्या स्त्रियांच्या जिवावर सिद्ध झालेले साधन न वापरणे हा दुसरा अन्याय ठरेल.

तुरुंगाच्या दवाखान्यात यासाठी फार काही लागत नाही: एक टेबल, चांगला प्रकाशझोत, निर्जंतुक स्पेक्युलम, ताजे द्रावण, बिघडलेला भाग तेथल्या तेथे उष्णतेने जाळण्याचे हातात मावणारे यंत्र, आणि जाड पडदा, ज्याच्या अलीकडे शिपाई बाई उभी राहणार नाही. ज्यांना स्पेक्युलम नकोच असेल त्यांना एचपीव्ही तपासणीसाठी स्वतःच नमुना घेता येतो. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रारही पुरुष डॉक्टरला न सांगणाऱ्या स्त्रीला हे जवळचे वाटते. बाहेरच्या रुग्णालयात पाठवण्याची वेळ आली तर मात्र सोबतीला पोलीस पार्टी मिळावी लागते, आणि रुग्णालयाची तारीख न्यायालयाच्या तारखेवर आली की रुग्णालयाची बुडते. सुटताना तिच्या हाती द्यायच्या तपासणीच्या कागदावर कारागृहाचा शिक्का नसावा, कारण तो कागद तिला पुढे गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचा असतो आणि तेथील रांगेत तिच्या मागे शेजारीण उभी असते.